मिटलेला तडा

मी स्थापत्य अभियंता. नोकरीची सारी वर्षे अणुऊर्जा केंद्रांच्या इमारतींत गेली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचत असे, ते बहुधा लिहिणाऱ्याची चूक कुठे झाली हे शोधण्यासाठी. आता माझा अनुभव लिहितो आहे. चूक कोणाला सापडली, तर जरूर कळवावी.

आधी कामाविषयी थोडे. अणुऊर्जा केंद्र म्हटले की लोकांना जाड काँक्रीटचा घुमट दिसतो. आत साध्या विटांच्या भिंतीही पुष्कळ असतात. त्या छताचा भार घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पण भूकंपात अशी एखादी भिंत थंड पाणी पुरवणाऱ्या पंपावर किंवा केबलवर कोसळली, तर घुमट शाबूत राहूनही अनर्थ होऊ शकतो. अशा भिंती तपासणे हे माझे काम. तडा दिसला की त्यावर आडवी काचपट्टी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटमध्ये पक्की करायची. काच वाकत नाही, ताणली जात नाही. तडा केसाएवढा हलला तरी ती फुटते.

निवृत्तीनंतर मी भोरला राहतो. माझी थोरली बहीण, आक्का, वेल्ह्याकडे गुंजवण्याजवळच्या एका वाडीत राहत असे. तिचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणत असू, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वारले. शेतकरी माणूस, मितभाषी. घराची पुढची भिंत त्यांनी स्वतः रचलेली — खाली दगड, वर विटा, जोडकाम मातीचे. दुपारी जेवण झाले की ओट्यावर त्या भिंतीला पाठ लावून बसत, शेजारी आक्का. त्यांचा संसार मी एवढाच पाहिला. भांडणही तिथेच, समेटही तिथेच.

दाजी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली. भाचा दत्ता टेम्पो चालवतो. त्याचा फोन आला.

"मामा, भिताडाला तडा गेलाय. आय रोज तितंच बसतीया. आमचं कोन ऐकतंय... तुमी येऊन बगा."

गेलो. तडा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून वर वाशांपर्यंत, करंगळी आत जाईल एवढा. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, सोडून पाहिला — भिंतीला ओट्याच्या बाजूने पोट सुटले होते. हातोडीने ठोकले, आवाज पोकळ. भिंत पडणार हे उघड होते, आणि ती आक्काच्या अंगावर पडली असती. मी सांगितले, छपराला टेकू द्या आणि भिंत उतरवा.

आक्का जागची उठली नाही.

"नाना, तुज्या अणुभट्टीत सोड दोऱ्या. हितं माजं घर हाय."

"आक्का, ही भिंत उभी राहणार नाही."

"ऱ्हाईल. ते पाठ लावून बसल्यात."

दत्ता हळूच म्हणाला, "रोज असंच म्हनती."

"तू गप. बाप बसलाय आन् चपला घालून ओट्यावर उबा ऱ्हायलास."

दत्ताने चपला काढल्या.

"वर्साचं सराद हुंदे," ती मला म्हणाली. "तवर त्येंच्या पाठीमागची भित काढू नगं."

मी म्हणालो, तोवर भिंतही थांबायला हवी. शेवटी तोड निघाली. मी तड्यावर काच बसवायची. ती फुटली, तर भिंत लगेच उतरवायची आणि आक्काने माझ्याबरोबर भोरला यायचे. ती कबूल झाली. छपराला आतून टेकू दिले. भिंतीला मात्र तिने आधार लावू दिला नाही. काचेच्या कोपऱ्यात मी सवयीने माझी आद्याक्षरे कोरली. आठवड्याभरात ती फुटेल, अशी माझी खात्री होती. तेवढे दिवस तिने अंगणात बसावे, असे बजावून निघालो. ती बसली नाही.

दत्ताचा फोन आला नाही. दिवाळीनंतर मी स्वतः गेलो. दुपारची वेळ. आक्का ओट्यावर, शेजारी एका माणसाची जागा सोडून. काच शाबूत होती. काचेखाली तडा नव्हता.

हे वाक्य मी पुन्हा वाचले, तसेच ठेवतो. विटा विटांना भिडल्या होत्या, पोस्टकार्ड आत जाईना. कोणी लिंपले असेल म्हणून चाकूने खरवडले... जुनीच माती. ओळंब्याला भिंत सरळ. हातोडीचा आवाज भरीव. काच तीच, अक्षरे माझीच. ओल सुकली की तडा थोडाफार आवळतो, हे मान्य. पण सुटलेले पोट भिंत मागे घेत नाही. आणि तडा मिटताना काच चिरडली जायला हवी होती. दत्ताला खोदून विचारले.

"मामा, आय मला तितं झाडू बी मारू देत न्हाई. म्या काय करनार?"

आक्का हसली. "तुजी काच बी त्येंचंच ऐकती की रं."

तिने दत्ताला चहा आणायला लावला. मी तो उभ्यानेच घेतला. त्या मोकळ्या जागेवर बसणे मला जमले नाही.

वर्षश्राद्धाला पुन्हा गेलो. सकाळी भिंत सरळ होती; मी पाहिली. पाने वाढली. दत्ताने बाहेर घास ठेवला, कावळ्याने तो नेला. माणसे जेवून पांगली. दुपारी आक्का ओट्यावर दिसली नाही. ती अंगणात, टेम्पोच्या सावलीत बसली होती.

"आक्का, इथे का?"

"तितं आता कोन न्हाई." ओट्याकडे बोट करून म्हणाली, "बग जा तुजी काच."

काच मधोमध फुटली होती. तडा पूर्वीएवढाच उघडा, पोट पुन्हा ओट्याकडे. अंगणात पंगत बसलेली असूनही कोणी आवाज ऐकला नव्हता.

"भित उतरा," ती दत्ताला म्हणाली. "आन् माजी दोन लुगडी पिशवीत घाल."

मी तिला हाताला धरून टेम्पोत बसवले. तिने मागे वळून पाहिले नाही. मार्गासनी गाव मागे पडले. नसरापूरच्या अलीकडे एवढेच म्हणाली, "न सांगता गेले रं."

दुसऱ्या दिवशी गड्यांनी भिंत उतरवली. पहार लागली नाही, विटा हातानेच निघाल्या; मातीत जोर उरलेलाच नव्हता. इतके महिने ती उभी राहायलाच नको होती. गणित मी पुन्हा केले. ते बरोबर आहे.

आक्का आता माझ्याकडे असते. दुपारी व्हरांड्यात बसते, पण पाठ टेकत नाही. पाठ दुखत असेल म्हणून मी उशी आणून दिली. तिने ती मांडीवर घेतली आणि तशीच ताठ बसून राहिली.