खरखर माझ्या कानांत नव्हती

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून बंगळूरला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं हेडफोनवर ऐकायचं आणि टाइप करायचं, ही माझी नोकरी. माझ्या कॉम्प्युटरवर आवाज खरखरायचा, मध्येच अख्खा शब्द गिळायचा. तोच हेडफोन शेजारच्या कॉम्प्युटरला लावला की आवाज स्वच्छ. तरी आमचे साहेब, तेही पुण्याचेच, सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी कान तपासून घे."

शेवटी मेकॅनिक आला. त्याने हेडफोन लावला, मागची पिन हलवून पाहिली आणि साहेबांना म्हणाला, "सरी इल्ला." 'सरी' म्हणजे ठीक, एवढंच कन्नड मला रिक्षावाल्यांकडून कळलं होतं.

साहेब माझ्याकडे वळले. "ऐकलंस? सरी म्हणतोय तो."

मी हेडफोन पुन्हा कानांना लावला. महिन्याभरात मला काढून टाकलं.

'इल्ला' म्हणजे 'नाही', हे पुढे बंगळूरच्याच बनशंकरी भागातल्या भाजीवालीने शिकवलं. साहेब तर सहा वर्षं बंगळुरात होते. त्या मेल्याला दोन्ही शब्द येत होते.