मागच्या भिंतीपलीकडचे साप

मला साप आवडत नाहीत. हे आधीच सांगते, कारण आमच्या कॉलनीत सगळ्यांची समजूत अशी की जी बाई फोटो बघून साप ओळखते तिला सापांचा लळा असणार. लळ्याचा काही संबंध नाही. मी साप ओळखायला शिकले ती रागानं.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं आम्ही रो-हाऊस घेतलं तेव्हा मागं मोकळा प्लॉट होता. गाजरगवत, वेड्या बाभळी, कुणीकुणी आणून टाकलेला राडारोडा आणि कडेनं नाला. दुसऱ्या हिवाळ्यात मिस्टर मागच्या भिंतीलगतच्या उरलेल्या फरश्या उचलत होते. एकदम ओरडले. मी पळत गेले तर ते हात धरून उभे, आणि फरशीखाली जाडजूड, मातकट रंगाचा साप. शेजारची माणसं जमली. एकजण म्हणाला, अजगराचं पिल्लू आहे. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं. "डुरक्या आहे डुरक्या. त्याला विषच नसतं. हळद लावा, काय होत नाय."

त्याच्या बोलण्यात इतकी खात्री होती की आम्ही हळद लावली आणि चहा केला. चहा पिऊन होईपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. चूळ भरली तर पाण्यात रक्त. मग रिक्षा, मग मोठा सरकारी दवाखाना. तिथं डॉक्टरांनी कोणता साप होता हे फारसं विचारलंसुद्धा नाही. काचेच्या नळीत रक्त काढून ठेवलं, ते गोठेना, तेवढ्यावर इलाज सुरू केला. पुढं किडनीनं काम सोडलं, डायलिसिस झालं. मिस्टर वाचले. उजव्या हाताचं एक बोट मात्र आजही वाकत नाही. भाकरीचा तुकडा ते बाकीच्या बोटांनी मोडतात.

ती घोणस होती. आमच्याकडची जुनी माणसं तिला परड म्हणतात. पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे काळ्या किनारीचे लंबगोल ठिपके, तीन सरळ ओळींत. डोकं तिकोनी आणि मान बारीक. डुरक्याचे डाग वेडेवाकडे असतात, त्याला मान अशी दिसतच नाही, शेपूट आखूड आणि बोथट. एवढाच फरक. ठाऊक नव्हता तर त्या माणसानं गप्प बसायचं होतं. त्याचं तोंड मी अजून बघत नाही.

तेव्हापासून शिकले. माझं पिको-फॉलचं मशीन मागच्या खिडकीशी आहे, त्यामुळं प्लॉट दिवसभर नजरेसमोर असतो. कॉलनीत कुठं साप मारला की मी मशीन सोडून जायची आणि काडीनं उलटापालटा करून बघायची. मोबाइलवर फोटो बघायची. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपाशी नसतात, खाली शेपटाकडं ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटाकडं पुसट होतात. हे मला साडीच्या काठासारखं पाठ झालं. बायका फोटो पाठवायला लागल्या. मी सांगायची, विषारी आहे किंवा नाही. त्यापुढं गप्पा मारायची नाही.

कोपऱ्यावरच्या घरात एक सर्पमित्र राहायचा. तिशीतला, विम्याच्या कामाला असलेला, पण गळ्यात कायम ओळखपत्र आणि गाडीला साप पकडायची आकडी लावलेली. शहरात कुठंही साप निघाला की याला फोन. पकडताना व्हिडिओ काढायचा आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचा. कॉलनीचे अध्यक्ष काका त्याला "आपला वाघ" म्हणायचे. मलाही आधी त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान घरातले साप घराबाहेर नेतो, बरं आहे.

मग एका हिवाळ्यात मागच्या प्लॉटात साप फार दिसायला लागले. एके दिवशी दुपारी भिंतीवर धामण पहुडलेली दिसली, शेपटाचं टोक तुटलेली, आणि तुटल्या जागी गाठ. मी तिला आधी पाहिलं होतं. पार जुन्या शहरात, शहागंजातल्या एका किराणा गोदामातून त्यानं धामण काढली होती, तो व्हिडिओ ग्रुपवर आला होता. मी उघडून पाहिला. तीच गाठ, तेच शेपूट. शहागंजातली धामण रिक्षा करून तर आमच्या भिंतीवर आली नसणार.

मी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मिस्टरांना दाखवला. ते म्हणाले, "धामणच आहे ना? उंदीर खाईल."

"आज धामण आहे. उद्या?"

साप चावलेला माणूस सापाला इतकं सांभाळून कसं घेतो, मला कधी समजलं नाही.

त्याच आठवड्यात सर्पमित्राच्या आईनं मला बोलावलं. साधी बाई, अजिंठ्याकडच्या खेड्यातली, नवरा गेल्यावर मुलाकडं राहायला आलेली. साडीला फॉल लावायला द्यायची, तेवढीच ओळख. तिच्या न्हाणीघरात आरशामागं तळहाताएवढा चपटा कोळी बसला होता. पोटाखाली पांढरी, चपटी, बटणासारखी गोल पिशवी धरलेली.

"ह्ये चावतंय का वो बाई? मला अंघोळीला जायची भीती वाटती."

मी सांगितलं, हा भिंतीवरचा कोळी, जाळं करत नाही, झुरळं खातो. पोटाखाली अंडी आहेत. डिवचला तर चावेल, पण जीव जात नाही. चिरडू नका, नाही तर शंभर पिल्लं न्हाणीघरभर पळतील. डब्याखाली धरा आणि बाहेर टाका. मला स्वतःला तो बघून शिसारी येत होती. एखादी वस्तू निरुपद्रवी आहे हे कळलं म्हणून ती आवडायला लागते असं नाही.

"डबा द्या," मी म्हटलं.

ती जागची हलेना. मग म्हणाली, "डबा जिन्याखाली हाय. पण तिथं मी जात नाय."

मी गेले. जिन्याखाली प्लास्टिकच्या मोठ्या बरण्या मांडून ठेवलेल्या, झाकणांना सुईनं भोकं पाडलेली. एकीत नाग होता, वेटोळं घालून, काचेला तोंड लावावं तसं प्लास्टिकला तोंड लावून बसलेला. एकीत मण्यार. दोनतीन बरण्यांवर गोणपाट टाकलेलं होतं, ते मी उचललं नाही. वास असा की मी दोन पावलं मागं सरले.

"किती दिवस असतात इथं?" मी विचारलं.

"व्हिडू काढायचा ऱ्हातो, लांब जायला सुट्टी नसती, मंग ऱ्हातेत पडून." ती पदर तोंडाशी धरून बोलत होती. "मी पलंगाखाली बघितल्याबिगर निजत नाय. त्याला म्हनलं तर म्हनतो, आई, तू अडाणी हायेस."

"आणि नंतर कुठं सोडतो?"

तिनं आमच्या घराच्या दिशेनं नुसतं पाहिलं.

मी कोळी डब्यात धरून बाहेर टाकला आणि घरी आले. अध्यक्ष काकांना सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, तो समाजसेवा करतो, तुमच्या घरी तो प्रकार घडल्यापासून तुम्हाला सगळीकडं सापच दिसतात. मी त्यांच्या ओट्यावरून खाली उतरले तेव्हा माझे कान तापले होते.

त्यानंतर मी मशीनवर बसून पाळत ठेवली. एका रविवारी सकाळी उन्हं नीट वर आल्यावर तो आला, एका हातात कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात मोबाइल, कॅमेरा बाहेर राहील असा ठेवलेला. मी मागचं दार उघडून बाहेर गेले. भिंतीला टेकून ठेवलेलं फावडं हातात घेतलं.

"पिशवीत काय आहे?"

"धामण आहे, काकू. घाबरू नका."

पिशवीतून आवाज येत होता. कुकरची वाफ सुटावी तसा, मोठा, लांबलचक, न थांबणारा. तो आवाज मी एकदा फरशीखाली ऐकला होता.

"धामणीचा आवाज असा नसतो. घोणस आहे ती. उचल आणि घेऊन जा."

"साप शेतकऱ्याचा मित्र असतो, काकू."

"मी शेतकरी नाही. मी या भिंतीच्या आत राहते. तुझ्या आईच्या अंगणात सोड की मित्र."

त्याचा चेहरा बदलला. "आईचं नाव मधी आणायचं नाय."

"मग जंगलात जा. गौताळ्याकडं जा."

"तुम्ही देता का पेट्रोल? जंगल आता राहिलंय कुठं? तुम्हीच त्यांच्या जागेवर घरं बांधली." आणि माझ्याकडं बघत बघत त्यानं पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी उलटी केली. मुद्दाम. मी समोर उभी असताना.

घोणस थंडीनं जड झालेली होती. जरा वेळ तशीच पडली, मग आमच्या भिंतीच्या पायाशी असलेल्या विटांच्या ढिगाकडं सरकायला लागली. पाठीवरच्या तीन ओळी मला स्पष्ट दिसल्या. एकदा ती विटांत गेली असती तर पुन्हा दिसली नसती, आणि पुढं कधीतरी कुणाच्या तरी हाताला लागली असती. मी फावडं घातलं. मग परत घातलं.

तो ओरडला, "काय केलंत! गुन्हा आहे हा!" खिशातला मोबाइल काढून त्यानं माझ्या तोंडासमोर धरला. मी तोंड लपवलं नाही.

दुपारपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर. त्यात पिशवी नव्हती, गाठ सोडणं नव्हतं. फावडं घेतलेली मी आणि मेलेली घोणस, एवढंच. एका बाईनं लिहिलं, ही नागपंचमीला वारुळापाशी काय तोंड घेऊन उभी राहणार? दुसरीनं फॉलला दिलेल्या साड्या तशाच परत मागवल्या. अध्यक्ष काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकून शांतता राखायला सांगितलं, मला.

मला त्या सापाचं वाईट वाटलं नाही. लोकांना ते ऐकायचं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते. मिस्टरांना मात्र वाटलं. ते जेवायला बसले आणि ताट पुढं सरकवून म्हणाले, "त्या जिवाला काय माहीत होतं, कुणी कुठं आणून टाकलंय ते?"

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"मला नाय माहीत," ते म्हणाले. "पन मला जेवण जाईना."

त्यांच्यावर मी इतकी चिडले की दोन दिवस नीट बोलले नाही.

त्या व्हिडिओवरून वनखात्यातून फोन आला. मी निघाले तर गेटवर सर्पमित्राची आई उभी, डोक्यावरून पदर, पायात चपला. "म्या बी येते," म्हणाली. कशाला, ते सांगितलं नाही. रिक्षा करून आम्ही दोघी गेलो.

साहेबांच्या समोर तो आधीच बसलेला होता. आईला पाहून दचकला. साहेब मला म्हणाले, "साप मारणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मारला मी. माझ्यावर काय कागद करायचे ते करा. पण हेही बघा." मी धामणीचे दोन्ही फोटो दाखवले, गोदामातला आणि भिंतीवरचा. तो लगेच म्हणाला, "अशा शेकडो धामणी असतात. मी पकडला की त्याच दिवशी जंगलात नेतो, साहेब. घरी एकही ठेवत नाही."

तेव्हा त्याची आई बोलली. उभीच होती, बस म्हटलं तरी बसली नव्हती.

"खोटं बोलू नगंस. साहेब, माझ्या घरात जिन्याखाली बरण्या हायेत. येक मेला बी हाय त्यातला. चला, दाखिवते."

त्यानं आईकडं पाहिलं. तसं बघणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. तिनं मात्र मान खाली घातली नाही.

त्याच दिवशी खात्याची गाडी कॉलनीत आली आणि बरण्या घेऊन गेली. सगळे गॅलरीत उभे राहून बघत होते. अध्यक्ष काकाही. नागाची बरणी उचलली तर नाग हलला नाही. सर्पमित्राचं ओळखपत्र काढून घेतलं, त्याच्यावर केस झाली. माझ्यावरही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती असं मिस्टर म्हणतात. त्यावरून आमचं अजून भांडण होतं.

तो वाळूजकडं खोली घेऊन राहायला गेला. आईशी बोलत नाही. ती कोपऱ्यावरच्या घरात एकटी राहते. कधीतरी दुपारी माझ्याकडं येते, मशीनशेजारी बसून साड्यांच्या घड्या घालते. मुलाचा विषय तीही काढत नाही, मीही नाही. मी एकदा फक्त विचारलं, आता झोप लागते का? म्हणाली, "पलंगाखाली बघायची सवय काय जात नाय, बाई. पन लागती."

मागच्या तारखेला तो आणि मी कोर्टाच्या व्हरांड्यात समोरासमोर आलो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्यामुळं माझी आई तुटली माझ्यापासून."

"बरण्या मी नव्हत्या मांडल्या," मी म्हटलं.

"तुम्ही जीव घेतलाय एका मुक्याचा."

"घेतलाय. आणि तू ती आमच्या दारात ओतली होतीस. आपण दोघं आत जाऊन हेच सांगू."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पुकारा व्हायला वेळ होता. मी पिशवीतून एक साडी काढली आणि काठाला फॉल टाचायला घेतला.