विनूच्या सीडीवर मी लिहिलं ते

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि विनूला तर नाहीच — खरं तर त्यालाच सांगायला पाहिजे होतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. छत्तीसगढी पिक्चर एकामागून एक निघत होते, आणि मी इथल्या एका हिंदी दैनिकात दर आठवड्याला संगीतावर लिहायचो. विनू आमच्याच मोहल्ल्यातला, ब्राह्मणपाऱ्यातला. मला दादा म्हणायचा. त्याला एका मारधाडीच्या पिक्चरचं पार्श्वसंगीत मिळालं, आणि त्यानं हौसेनं त्याची वेगळी सीडी काढली — गाणी नाहीत, नुसतं संगीत. म्हणाला, "दादा, पिक्चर पाहू नका. नुसतं ऐका आन् लिहा."

मी ऐकलं. शहराबाहेर उरला भागात कारखाने आहेत, तिथल्या रोलिंग मिलमध्ये जाऊन त्यानं लोखंडाचे आवाज भरून आणले होते. सळया आदळायच्या, आणि त्या ठेक्यावर एकटी बासरी पळायची, धाप लागल्यासारखी. पडदा नव्हता, नट नव्हता, तरी जीव घेऊन पळणारा माणूस मला दिसत होता. मी उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. चाली मीही बांधायचो. पिक्चरसाठी मला कधी कोणी बोलावलं नव्हतं. पण तेवढ्यानं माणूस असं करतो का?

वाईट आहे असं लिहिलं असतं, तर ते निदान मत झालं असतं. मी लिहिलं — मुख्य धून दक्षिणेतल्या एका जुन्या पिक्चरमधून जशीच्या तशी उचललेली आहे. असा पिक्चरच नव्हता. पण तेव्हा उचलायचे सगळेच. कोण तपासणार होतं?

विनू घरी आला. भांडायला नाही. "दादा, कोणता पिक्चर हाय तो? नाव तं सांगा. मले ऐकायचं हाय."

"शोध. सापडेल," मी म्हणालो.

तो शोधत राहिला. गोल बाजारातले कॅसेटवाले, नागपूरचे मित्र, भिलाईतली तेलुगू घरं. मला सगळं कळत होतं, आणि — खरं सांगू? — मजा वाटत होती. पुढचा पिक्चर त्याच्या हातून गेला. निर्मात्यानं माझ्या लेखाचं कात्रणच त्याच्यापुढे ठेवलं म्हणे.

दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा आला. वाळला होता. चहा निवून गेला तरी कप हातातच. मग म्हणाला, "नाही सापडला, दादा. पण तुमचा कान खोटा कसा होईन? लहानपणी कुठं तरी ऐकलं असन मी. ध्यानात नाही राहिलं. चुकलंच माझं."

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. समोर तो मान खाली घालून बसला होता, आणि मी — मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे," म्हणालो, "नव्या माणसाकडून होतं असं."

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

त्यानंतर विनूनं चाल बांधली नाही. रस्त्यात भेटला की अजूनही थांबून नमस्कार करतो. मी तो घेतो.