मानीबाईनं पाळलेलं ग्रहण

दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची निम्मी माणसं मानीबाईच्या हातावर जन्मलेली. बाळंतपणात तिचा शब्द कुणी मोडत नसे. मोडायची हिंमतच नव्हती कुणाची, इतकी ती तोंडाची तिखट. पण त्या वर्षी ऐन कापूस वेचणीत सुनेचं, सोनूचं बाळ हातात आलं आणि तिचीच दातखीळ बसली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. तोंडात बोट घातलं, तर टाळूलाही भेग.

"ग्रहणात काहीतरी चिरलं असन हिनं," तांडा कुजबुजला. सोनू भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पोराला दूध ओढता येईना. मानीबाईनं नेहमीसारखं त्याला मांडीवर आडवं घेऊन कापसाच्या बोळ्यानं पाजलं. दूध नाकातून आलं, पोर काळंनिळं पडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्यात रडायचंही बळ उरलं नाही. तेव्हा मात्र मानीबाई घाबरली. जन्मात पहिल्यांदा तिनं उपकेंद्राच्या सिस्टरला, साधनाला, आपणहून बोलावणं धाडलं.

"मावशी, आडवं कायले पाजता? नाकात चढून राह्यलं ना दूध!" साधनानं पोराला बसतं धरलं आणि आईचं काढलेलं दूध चमच्यानं थेंब थेंब दिलं. पोराला ठसका लागला. सोनूनं डोळे मिटून घेतले. साधनानं पुन्हा चमचा लावला, आणि पोरानं घोट गिळला.

"आजच दवाखान्यात न्या. वजन वाढलं का ओठ शिवतीन, टाळू मंग वरसभरानं. पोटात असतानाच जुळाचं राह्यलं ते. त्यात आईचा दोष नाही, ना ग्रहणाचा."

"ग्रहणाचं तुले काय समजते?" मानीबाई खेकसली आणि तिचं तिलाच आठवलं. सोनू पोटुशी असताना लागलेल्या ग्रहणात तिनं स्वतः दारात बसून सोनूवर पहारा केला होता. ग्रहण सुटेपर्यंत पोरीच्या हातात सुईसुद्धा येऊ दिली नव्हती.

मग रुपीबाईचं काय? वीस वर्षांपूर्वी तिचं असंच लेकरू चौथ्या दिवशी गेलं, तेव्हा "तूच ग्रहणात विळा धरला," असं साऱ्या तांड्यादेखत मानीबाईच बोलली होती. त्यानंतर कुठल्या बारशाला रुपीबाईला कुणी बोलावलं नाही.

दवाखान्याची जीप येऊन थांबली. सोनू पोराला घेऊन बसली, पण मानीबाई आधी रुपीबाईच्या दारात गेली.

"रुपी, तुहा दोष नोता."

साधनानं पोराला कसं पाजलं, ते रुपीबाईच्या कानावर आधीच आलं होतं. "बसतं धरून पाजलं असतं, तं जगलं असतं का वो?"

 "माहीत नाही" म्हणून मानीबाईला सुटता आलं असतं.

"जगलं असतं," ती म्हणाली. "मीच आडवं पाजलं."