मॅटवर घसरलेला पाय

आज बेळगावात आमच्या जांबोटीच्या मुली कबड्डीचा अंतिम सामना एका गुणानं हरल्या. मी इंजिनिअर आहे, खेळत नाही. संघासाठी व्हिडिओ काढते.

शेवटच्या चढाईत आमच्या सुवर्णाचा पाय घसरला आणि ती पकडली गेली.

परतीच्या टेम्पोत गावातले एक आप्पा म्हणाले, "हिनंच घालवलं बघा, सर."

सुवर्णानं मान खाली घातली. "उद्यापासनं मी येत न्हाय."

प्रशिक्षक सर म्हणाले, "आप्पा, पोरी मातीवर अनवाणी खेळत्यात. मॅटवर बूट घालून आज पहिल्यांदा उतरल्या. पाय तिचा घसरला, पण तयारी माझी कमी पडली."

"न्हाय सर, मीच घाई केली."

"बरं, निम्मं तुझं, निम्मं माझं. पण सरावाला यायचं गं."

घरी येऊन मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. घाई दिसते, घसरलेला पायही दिसतो. सर आणि सुवर्णा, दोघंही खरं बोलत होते.

चूक कोणाची, यावर खाली कमेंटमध्ये जरूर वाद घाला. मला एवढंच विचारायचं आहे: बेळगाव किंवा पिरनवाडीत कोणाकडे मॅट आहे का, रविवारी या मुलींना सरावासाठी मिळेल अशी?

सुवर्णा येते म्हणालीय.