मर्डीना आत्या वय चोरायची

मर्डीना आत्या वय चोरते, असं आमच्या अख्ख्या गावाचं म्हणणं होतं. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर घरातले जन्म नोंदायचे; तिथे आजीने, म्हणजे आत्याच्या आईने, लिहिलेली तिची जन्मतारीख होती, आणि आत्या त्यातली चार वर्षं सरळ गाळून टाकायची. चर्चमधल्या चहाला बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि विचारायच्या, "यंदा कितवं गं, मर्डीना?" आत्या आपलाच आकडा सांगायची आणि शांतपणे केक खायची. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "लग्न न झालेल्या बाईने चार वर्षं ढापली, तर तुमच्या बापाचं काय गेलं?"

कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावर निम्मं गाव एकाच आडनावाचं, त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव. आत्या 'कबरीवाली मर्डीना'. आठवडाभर ती टेलिफोन एक्स्चेंजात बसून जिवंत माणसं जोडून द्यायची आणि रविवारी मेलेली. गाडी मी चालवायची. जुन्या दफनभूमीत गुडघे टेकून ती ओल्या ब्रशने दगडांवरचं शेवाळ घासायची. मग गाडीत बसून काळाकुट्ट चहा आणि ओटची बिस्किटं. परतताना मला पाढ्यासारखी वंशावळ म्हणायला लावायची: पेगी, म्हणजे मी, हेक्टरची, हेक्टर जॉनचा, जॉन अँगसचा, अँगस इशबेलचा. तेव्हा मला भारी कंटाळा यायचा. आज तो कंटाळा कुणी परत दिला तर मी दोन्ही हातांनी घेईन.

घोडं अडलं होतं ते इशबेलपाशी. इशबेल म्हणजे आत्याची पणजी, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून गलबतात बसून आलेली. निदान आम्ही तरी तसं समजत होतो.

त्या उन्हाळ्यात ओंटारिओहून लॉक्लन आला. लांबचा भाऊ, निवृत्त मास्तर. गलबतातून आलेल्या पहिल्या माणसांचा आणि त्यांच्या मुलांचा स्मारकदगड किनाऱ्यावर बसवायचा होता, आणि त्यावर कुणाची नावं कोरायची ते हा ठरवणार. आत्या स्वयंपाकघरात बिस्किटं लाटत होती. लॉक्लनने टेबलावर कागद पसरले.

"गलबताच्या यादीत स्वच्छ लिहिलंय, मर्डीना. इशबेल, वय तीन. वाटेत ताप आला, समुद्रात सोडली."

"आणि चर्चच्या वहीत तिचं लग्न लागलंय, ते रे? मेलेल्या पोरीने सात मुलं काढली होय?"

"कुणाची तरी पोरकी मुलगी सांभाळली असेल. तीच तुमची इशबेल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुमची शाखा रक्ताची नाही. दगडावर नाही घेता येणार."

आत्याचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्यांचे पूर्वज शोधून दिले, आणि हा तिलाच पंगतीतून उठवत होता. मला त्याच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं.

मी म्हटलं, "मेलेल्या मुलीचं नाव पाठच्या मुलीला ठेवतात की आपल्यात."

"ठेवतात ना. मग बायबलात दोन इशबेल हव्यात. इशबेलच्या आईबापांचं मूळ बायबल माझ्याकडेच आहे, त्यात एकच आहे, स्कायला जन्मलेली." तो हसला. "तशी तुमच्या घरची बायबलं म्हणजे आनंदच. तुझी जन्मतारीख तरी कुठे पटते तुला? वय चोरतेस म्हणे."

आत्याचं लाटणं थांबलं.

"मी वय चोरत नाही, लॉक्लन," ती म्हणाली. "ती चार वर्षं माझी नव्हतीच. माझ्या आधीच्या मर्डीनाची होती. घटसर्पाने गेली. मी झाले तेव्हा आईने तेच नाव ठेवलं, पण पुन्हा लिहिलं नाही. नाव आहे की पानावर, म्हणाली. दुसऱ्यांदा लिहायचं म्हणजे पहिली गेली हे स्वतःच्या हाताने कबूल करायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईने मर्डीना म्हणून हाक मारली की मी ओ द्यायचे. पण ती बघायची माझ्या मागे, दाराकडे."

केटली शिट्टी मारत होती. मी उठून ती उतरवली.

लॉक्लनने कागद गोळा केले. "म्हणजे दोन इशबेल, दुसरी लिहिलीच नाही," तो हळूच म्हणाला. "दोन्ही कोरू."

तो गेल्यावर मी विचारलं, "आत्या, एवढ्या बायका हसल्या तुला. सांगितलं का नाहीस?"

"आईला वचन होतं."

"आणि पहिल्या मर्डीनाची कबर?"

"माझ्या आजोबांच्या पायाशी. दगड नाही. घरात हाक मारायचं नाव दगडावर कसं कोरायचं, असं आई म्हणायची." तिने पीठ पुन्हा गोळा केलं. "मी गेले की कोर."

सगळ्या बेटाचं शेवाळ घासत फिरणारी ही बाई त्या एका जागी कधीच का बसली नाही, ते मला तेव्हा कळलं. घासायला तिथे दगडच नव्हता.

मागच्या वसंतात आत्या गेली. तिला तिच्या आजोबांच्या पायाशीच ठेवलं. दगडाचा मजकूर मी पाथरवटाकडे पाठवला, तर त्याचा फोन आला. "बाई, एकच नाव दोनदा लिहिलंय तुम्ही. एक खोडू का?"

"खोडू नका," मी म्हटलं. "मला दोन आत्या होत्या."