मागच्या सालचं वावर

ऐंशी सालाच्या आसपास शहरातल्या सक्करदऱ्यात एक डॉक्टर महिन्यातून दोन दिवस बसायचा आणि मागचे केस उपटून टकलावर लावून देतो म्हणायचा. पुढच्या रविवारी मला मुलगी पाहायला जायचं होतं. म्हणून मीही टोपी घालून त्याच्या बाकावर बसलो होतो.

शेजारी भिवापूरकडचा एक मिरची पिकवणारा शेतकरी होता. बोलताना तो दोन बोटांनी हवेत मिरचीचं रोप लावायचा. दोघांना एकदमच आत बोलावलं.

"रोप उपटते कोन अन् लावते कोन?" त्यानं डॉक्टरला विचारलं. "तुम्ही, का कंपाउंडर?"

डॉक्टरनं भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. शेतकऱ्यानं चष्मा लावून ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"हे तं दाताचं हाय. बरं, मागच्या सालचं वावर दाखवा."

"म्हणजे?"

"सालभरापूर्वी लावलेलं एखांदं डोकं."

डॉक्टरनं खणातून एक फोटो काढून पुढे केला.

"फोटो नाही, डोकं," म्हणत तो उठला. त्याच्यामागून मीही उठलो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुमचे केस तर दाट आहेत."

"जावयासाठी पाहून राहिलो. सोयरीक जुळवाले गेलो तवा त्यानं टोपी काढली नाही, अन् मी काढा म्हटलं नाही. तवापासून सारंच पाहून घेतो." आणि तो माझ्या टोपीकडे पाहत राहिला.

रविवारी मुलीच्या घरी पोहे यायच्या आधीच मी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या वडिलांनी माझ्या टकलाकडे पाहिलं, मग हळूच आपलीही टोपी काढली. त्यांचं वावर माझ्याहून मोकळं होतं.